दर्या, दऱ्या आणि चाळीस सेकंदांचा व्हिडिओ

सह्याद्रीवर लेख टाइप करायला बसलेला माणूस हमखास दरीत अडकतो. एकवचनापर्यंत सगळं सुरळीत असतं, 'दरी' नीट उमटते. अनेकवचन करायला गेलं की पडद्यावर 'दर्या' येतो आणि डोंगराचा समुद्र होतो. मग पळवाटा सुरू होतात. कुणी 'दरीखोरी' लिहून वेळ मारून नेतं, कुणी जुन्या फाईलीतल्या 'शेतकऱ्यांना' या शब्दातून 'ऱ्या' उचलून आणून चिकटवतं. वाऱ्यावर, कोपऱ्यात, दुसऱ्या, म्हाताऱ्या... मराठीत या आडव्या रफाराशिवाय एक परिच्छेद धड पुरा होत नाही आणि तरी तो कसा काढायचा हे ठाऊक नसलेली, रोज मराठीत टाइप करणारी माणसं कचेऱ्याकचेऱ्यांतून भेटतात.

उत्तर अगदी छोटं आहे. इन्स्क्रिप्ट की-बोर्डवर 'र' हे अक्षर इंग्रजी जेच्या बटणावर बसलेलं असतं. तेच बटण शिफ्ट धरून दाबलं की खाली टिंब असलेला 'ऱ' येतो. मग डी दाबायचं म्हणजे पाय मोडतो, मग 'य'साठी तिरक्या रेघेचं बटण, शेवटी ई म्हणजे काना. ओ, जे, डी, तिरकी रेघ, ई असं दाबलं तर दर्या. त्यातला जे शिफ्टसकट दाबला तर दऱ्या. समुद्र आणि डोंगर यांच्यात अंतर फक्त एका शिफ्टचं.

वरचा परिच्छेद कळायला बहुतेकांना दोनदा वाचावा लागेल, आणि तरीही बोट कुठे ठेवायचं ते लगेच कळणार नाही. हीच गोष्ट व्हिडिओत चाळीस सेकंदांत आटोपते. बटणं दिसतात, दाबणारं बोट दिसतं, वर अक्षर उमटताना दिसतं. कॉम्प्युटरवरच्या बारीकसारीक युक्त्या शिकवणारे छोटे व्हिडिओ इतके का पसरले, याचं निम्मं उत्तर यात आलं. उरलेलं निम्मं जरा गुंतागुंतीचं आहे, कारण व्हिडिओ पाहून झाल्यावर आठवड्याने तोच माणूस पुन्हा दर्यात बुडालेला आढळतो.

आधी एक प्रश्न. इतकी उपयोगी सोय वर्षानुवर्षं माणसाच्या लक्षात का येत नाही? मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस विभागात काम करणाऱ्या जेन्सन हॅरिस यांनी २००६ मध्ये वर्डच्या वापराचे आकडे मांडले होते. वर्ड २००३ मध्ये शेकडो आज्ञा होत्या. त्यांपैकी पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचांनीच एकूण वापराचा सुमारे ३२ टक्के भाग व्यापला होता. एकट्या पेस्टचा वाटा ११ टक्क्यांहून जास्त. म्हणजे घर मोठं, पण वावर ओटा आणि माजघर यांच्यामध्येच. गूगलमध्ये माणसं शोध कसा घेतात याचा अभ्यास करणारे डॅन रसेल यांनी २०११ मध्ये सांगितलं होतं की पानावरचा शब्द शोधायला कंट्रोल आणि एफ ही बटणं दाबतात, हे अमेरिकेतल्या इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी ९० टक्के लोकांना माहीत नव्हतं. ही माणसं मोठमोठी पानं वरपासून खालपर्यंत डोळ्यांनी चाळत बसायची.

याला आळस म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन या दोन संशोधकांनी १९८७ मध्ये याला 'सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास' असं नाव दिलं. माणसाला काम उरकायचं असतं. थांबून शिकलं तर पुढचं काम झपाट्याने होईल हे त्यालाही कळतं, पण हातातलं काम आत्ता उरकायचं असतं. म्हणून माहीत असलेल्या लांबच्या वाटेनेच तो रोज जातो. कॅरोल आयबीएमच्या संशोधन केंद्रात होते आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, कचेरीत काम करणारी माणसं पहिल्यांदा वर्ड प्रोसेसर शिकताना काय करतात ते शेजारी बसून पाहत होते. माहितीपुस्तिका कुणी नीट वाचत नसे. पानं उलटायची, मधलंच काहीतरी करून बघायचं, फसलं की घाबरायचं. त्यावर कॅरोल यांनी काढलेला तोडगा असा, की पुस्तिका बारीक करा, प्रस्तावना काढून टाका, पहिल्याच पानावर हाताला काम द्या आणि चूक झाली तर परत कसं यायचं ते सांगा. यूट्यूब जन्मायच्या वीस वर्षं आधीची ही शिफारस आजच्या चांगल्या छोट्या व्हिडिओचं वर्णन म्हणून तशीच्या तशी चालेल.

त्यातही एक पेच उरतोच. जे अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, ते शोधायचं कसं? 'ऱ्या कसा टाइप करायचा' हे विचारता येतं, कारण अक्षर डोळ्यांसमोर असतं. पण विंडोजमध्ये कॉपी केलेल्या मागच्या पंचवीस गोष्टी लक्षात ठेवणारी सोय आहे, हे ज्याला माहीत नाही तो काय लिहून शोधणार? विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबलं की ती यादी उघडते. पहिल्या वेळी ती चालू करायची का एवढं विचारते. २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या सुधारणेपासून ती विंडोज १० मध्ये आहे. तरी आजही एका फाईलीतून दुसऱ्या फाईलीत नाव, मग पत्ता, मग फोन नंबर अशा तीन खेपा घालणारी माणसं आहेतच. इथे बसल्या बसल्या समोर आलेला, न मागितलेला व्हिडिओ उपयोगी पडतो. पूर्वी हे काम शेजारच्या टेबलावरचा सहकारी करायचा. "अहो, हे काय करताय? सरका जरा," म्हणून तो दोन बटणं दाबून दाखवायचा, आणि आपण "परत दाखव रे" म्हणायच्या आत निघून जायचा.

दाखवून शिकवणं कॉम्प्युटरच्या जगात जुनं आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी दीड तासाच्या प्रात्यक्षिकात माउस, पडद्यावरचं लेखन-संपादन आणि एका शब्दावरून दुसऱ्या मजकुरावर नेणारे दुवे मोठ्या पडद्यावर करून दाखवले. महाराष्ट्रात या शतकाच्या सुरुवातीला कॉम्प्युटर घरोघरी ओळखीचा झाला तो एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे. तालुक्याच्या गावी, दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आठ-दहा यंत्रं आणि शिकवणारा एक तरुण. पुढे २००५ च्या एप्रिलमध्ये यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला, तो होता १९ सेकंदांचा. २०१६ मध्ये मोबाइलचा डेटा स्वस्त झाला. २०२० च्या जूनअखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये यूट्यूबने आपले शॉर्ट्स पहिल्यांदा चाचणीसाठी आणले ते भारतातच. मिनिटभराच्या शिकवण्या तिथून उदंड झाल्या.

पण या सगळ्या लाटेच्या बऱ्याच आधी, मुंबईत पवईला, आयआयटीमध्ये एक शांत काम सुरू झालं होतं आणि ते अजून चालू आहे. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाबद्दल मराठी वाचकाला जितकं माहीत असायला हवं तितकं नाही. केंद्र सरकारच्या निधीतून उभा राहिलेला हा प्रकल्प लिब्रेऑफिस, गिम्प, इंकस्केप, पायथन, लिनक्स अशी मुक्त सॉफ्टवेअरं दहा-दहा मिनिटांच्या व्हिडिओंतून शिकवतो. व्हिडिओत शिक्षकाचा चेहरा दिसत नाही. पडदा दिसतो, त्यावरचा बाण फिरतो आणि आवाज ऐकू येतो. तो आवाज बावीस भारतीय भाषांत मिळावा अशी त्याची रचना आहे, आणि त्यांत मराठी आहे.

या व्हिडिओंची खरी गंमत त्यांच्या संहितेत आहे. आधी कागद तयार होतो. त्यावर दोन रकाने: एका बाजूला पडद्यावर त्या क्षणी काय दिसणार, दुसऱ्या बाजूला तेव्हा काय बोलायचं. संहिता लिहून झाली की ती नवशिक्याकडे जाते. ते सॉफ्टवेअर ज्याने कधी उघडलेलंही नाही, त्याने फक्त कागद वाचून एकेक पायरी करत जायचं. तो जिथे अडखळेल तिथे दोष कागदाचा, त्याचा नव्हे. सुधारणा झाली की मगच ध्वनिमुद्रण. शिकणाऱ्यालाही तसंच बसवलं जातं: पडद्याच्या एका अर्ध्या भागात व्हिडिओ, दुसऱ्या अर्ध्यात खरं सॉफ्टवेअर. तिकडे झालं की व्हिडिओ थांबवायचा, इकडे करायचं, दोन्ही चित्रं सारखी दिसली तरच पुढे जायचं. सगळं शिक्षण या 'शेजारी-शेजारी' पद्धतीवर उभं आहे.

भाषेबाबतचा त्यांचा निर्णयही विचार करण्याजोगा आहे. पडदा इंग्रजीच राहतो, फक्त आवाज मराठी होतो. अनुवादकाच्या हातात येतो तो कागदही दोन रकान्यांचाच, पण त्यात पहिल्या रकान्यात असते वेळ. अमुक मिनिट, अमुक सेकंदाला हे वाक्य सुरू झालंच पाहिजे. इथे मराठीचं व्याकरण आडवं येतं. इंग्रजी सूचनेत आधी क्रिया येते, मग वस्तू. मराठीत 'उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर' एवढं सगळं बोलून झाल्यावर 'क्लिक करा' येतं. तोवर पडद्यावरचा बाण आपलं काम उरकून पुढे गेलेला असतो. म्हणून अनुवादकाला वाक्य छाटावं लागतं. आणि 'सेव्ह' म्हणायचं की 'जतन करा', या जुन्या वादाचा निकालही पडदाच लावून टाकतो. समोर बटणावर इंग्रजीत सेव्ह लिहिलेलं असताना 'जतन करा' म्हटलं, तर शिकणारा बापडा 'जतन' नावाचं बटण शोधत बसेल. भाषाशुद्धीच्या चळवळीबद्दल कितीही आदर असला तरी शिकवताना बटणावर जे लिहिलंय तेच बोलावं.

आता किती छोटा म्हणजे छोटा? फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, मध्यम विद्यार्थी त्यात जास्तीत जास्त सहा मिनिटं रमत होता. हा आकडा तेव्हापासून सगळीकडे सांगितला जातो आणि त्यातून 'जितकं छोटं तितकं चांगलं' असा सोयीचा निष्कर्षही काढला जातो. पण ती नोंद फक्त पाहण्याची आहे. शिकण्याचं मोजमाप तिच्यात नाही.

शिकण्याचं मोजमाप करणारा एक प्रयोग त्याच्या आधीच झाला होता. रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर यांनी २००१ मध्ये वीज कशी कडाडते हे समजावणारं १४० सेकंदांचं चलचित्र घेतलं. काहींना ते सलग दाखवलं. काहींसाठी त्याचे सोळा तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर 'पुढे' असं बटण ठेवलं. चित्रं तीच, निवेदन तेच, शब्दही तेच. मिळालेलं ज्ञान नव्या प्रश्नाला लावायची वेळ आली तेव्हा बटण दाबत गेलेली मंडळी सरस ठरली. कारण कळायला अवघड नाही. चलचित्रातली माहिती वाहती असते. पुस्तकातली ओळ डोळा परत येईपर्यंत जागेवर असते, पडद्यावरची पायरी मात्र पुढची आली की गेली. मागची ध्यानात धरायची आणि पुढची समजून घ्यायची अशी दुहेरी हमाली डोक्याला करावी लागते. तुकडा थांबला की डोकं ओझं खाली ठेवतं.

दुसरा प्रयोग आणखी जुना आणि व्हिडिओवाल्यांना जरा झोंबणारा आहे. मिशिगन विद्यापीठात सुसान पामिटर आणि जे एल्कर्टन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅकिंटॉशवरचं हायपरकार्ड नावाचं सॉफ्टवेअर शिकवताना एका गटाला हलती प्रात्यक्षिकं दाखवली, दुसऱ्याला लेखी सूचना दिल्या. शिकताना प्रात्यक्षिकवाले पुढे होते, भरभर आणि बिनचूक. सात दिवसांनी पुन्हा तीच कामं दिली तेव्हा पारडं फिरलं. वाचून शिकलेल्यांनी त्यांना गाठलं आणि मागे टाकलं. पाहणाऱ्यांनी नक्कल केली होती. वाचणाऱ्यांना मात्र प्रत्येक शब्दाचा अर्थ लावून स्वतः वाट शोधावी लागली होती, आणि शोधलेली वाट लक्षात राहिली होती. दऱ्यांचा आठवड्याने पुन्हा दर्या का होतो, ते इथे समजतं.

आणि नुसतंच पाहिलं तर? शिकागो विद्यापीठाच्या मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये याचा छडा लावला. टेबलावरची भांडी जागची न हलवता खालचं कापड झटक्यात ओढून काढायची करामत काहींना एकदाच, तर काहींना वीस वेळा दाखवली. जास्त वेळा पाहणाऱ्यांना 'हे मला जमेल' असं जास्त वाटलं. नेम मारण्याच्या खेळात तर माणसांना प्रत्यक्ष बाण फेकायला लावले. अनेकदा पाहिलेल्यांचा आत्मविश्वास वाढला होता, नेम होता तिथेच होता. रात्री अंथरुणात पडून एक्सेलच्या पंधरा युक्त्यांचे पंधरा शॉर्ट्स पाहणाऱ्या, आणि त्यातले सात 'नंतर बघू' म्हणून साठवून ठेवणाऱ्या माणसाची अवस्था याहून निराळी नसते.

हे जवळून पाहायचं तर कल्याण-डोंबिवलीकडच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांच्या मागे उभं राहावं. ८६ सदनिका, ८६ नावं. आधीच्या सचिवांनी यादी केली आहे ती 'कुलकर्णी मीना अरविंद' अशी, आडनाव आधी. पावतीवर मात्र 'मीना कुलकर्णी' हवं. सचिवांनी मागच्या वर्षी दोन संध्याकाळी घालवून ८६ नावं पुन्हा टाइप केली होती. यंदा भाच्याने एक दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवला. मोबाइल त्यांनी चहाच्या कपाला टेकवून उभा केला आणि समोर एक्सेल उघडलं.

व्हिडिओतली बाई सांगते: मूळ नावांच्या लगेच शेजारच्या रकान्यात, पहिल्या नावासमोर, तुम्हाला हवं तसं एक नाव स्वतः टाइप करा. सचिव टाइप करतात, मीना कुलकर्णी. एंटर. आता खालच्या रिकाम्या चौकटीत असतानाच कंट्रोल आणि ई. सचिव आधी चुकून भलत्याच रकान्यातल्या चौकटीत जातात, काहीच होत नाही, व्हिडिओ दहा सेकंद मागे नेतात, 'लगेच शेजारच्या' हा शब्द या खेपेला कानात शिरतो. परत कंट्रोल आणि ई. ८५ नावं एका क्षणात खाली सांडतात. दोन संध्याकाळींचं काम झालेलं पाहून माणूस खुर्चीत मागे रेलतो.

या सोयीचं नाव फ्लॅश फिल. ती एक्सेलमध्ये २०१३ पासून आहे. तिच्यामागे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले, कानपूर आयआयटीत शिकलेले सुमित गुलवानी आहेत. विमानात शेजारी बसलेल्या एका बाईंनी त्यांना एक्सेलमधल्या नावांचा असाच घोळ सोडवून मागितला होता आणि कॉम्प्युटर विज्ञानात डॉक्टरेट असूनही त्यांना तो तिथल्या तिथे सुटला नव्हता. पुढचं संशोधन त्या खजील होण्यातून झालं. माणूस एक-दोन उदाहरणं देतो आणि त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधून यंत्र स्वतःच छोटा प्रोग्राम रचतं.

अंदाजच तो. दीड मिनिटाच्या व्हिडिओत जे बसत नाही ते इथून पुढे सुरू होतं. यादीत 'देशमुख पाटील रोहिणी विजय' असं दुहेरी आडनाव असेल तर शेजारी 'पाटील देशमुख' उमटण्याची शक्यता दाट आहे, कारण उदाहरणात दुसरा शब्द पुढे आणि पहिला मागे एवढंच यंत्राने पाहिलं. शिवाय हे सूत्र नव्हे. उद्या मूळ यादीत एखाद्या सदनिकेची मालकी बदलली, तर शेजारचं नाव आपोआप बदलणार नाही. हे ठाऊक नसलेला सचिव जुन्या मालकाच्या नावाने पावती फाडेल आणि सर्वसाधारण सभेत बोलणी खाईल. चांगला व्हिडिओ शेवटच्या पंधरा सेकंदांत एवढं सांगतो. बाकीचे त्या पंधरा सेकंदांत 'बेल आयकॉन दाबायला विसरू नका' म्हणतात.

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या हान्स आणि यान फान डेर मे यांनी २०१३ मध्ये सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या व्हिडिओंसाठी आठ मार्गदर्शक तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच शीर्षकाबद्दल आहे. व्हिडिओ सहज सापडला पाहिजे आणि त्यातून कोणतं काम साधेल ते नावावरून कळलं पाहिजे. 'ही ट्रिक पाहून बॉससुद्धा चक्रावेल' या शीर्षकातून काहीच कळत नाही. 'आडनाव आणि नाव यांची अदलाबदल' यातून सगळं कळतं, मग पाहणारे दहा का असेनात. दुर्दैवाने बाजार पहिल्या शीर्षकाला पैसे देतो.

शॉर्ट्सच्या उभ्या चौकटीचंही एक साधं दुखणं आहे. कॉम्प्युटरचा पडदा आडवा आणि फोनचा उभा. आडवं चित्र उभ्यात कोंबलं की मेनूवरची अक्षरं मुंगीएवढी होतात, कापून मोठं केलं तर आपण पडद्याच्या कुठल्या कोपऱ्यात आहोत तेच कळत नाही. भरीला गाणं वाजत असतं. बोट वर सरकवलं की पुढचा व्हिडिओ हजर, आणि एक्सेल शिकायला आलेला माणूस मिसळीच्या तर्रीवर पोचतो. दोन बटणांची युक्ती दाखवायला हा प्रकार पुरतो. सहा पायऱ्यांचं काम दाखवायला अजिबात पुरत नाही.

व्हिडिओ शिळे होतात हीसुद्धा खरी अडचण. लेखातली एक ओळ बदलता येते, व्हिडिओत बटणाची जागा बदलली तर सगळं नव्याने चित्रित करावं लागतं. ऑफिस २००७ मध्ये मेनू जाऊन रिबन आली तेव्हा आधीचं सगळं शिकवणं एका रात्रीत जुनं झालं होतं. विंडोज ११ आल्यावर खालच्या पट्टीवरचं स्टार्ट बटण डावा कोपरा सोडून मध्यावर आलं, आणि 'डावीकडे खाली जा' असं ऐकून आज्ञाधारकपणे डावीकडे खाली गेलेले कित्येक आजोबा तिथे हवामानाचा अंदाज पाहत बसले. शोधताना तारखेची चाळणी लावली, किंवा शब्दांत आवृत्तीचा आकडा घातला, की हा ताप बराच वाचतो.

एका जातीच्या व्हिडिओपासून मात्र चार हात लांब राहावं. विकतचं सॉफ्टवेअर फुकट मिळवून देतो असं सांगणारा, खाली दिलेली फाईल उतरवा म्हणणारा आणि 'अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद ठेवा' असा सल्ला देणारा व्हिडिओ काहीही शिकवत नसतो. त्या पाच मिनिटांत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड निघून जातात. मदतीच्या नावाखाली दुसऱ्याच्या हाती आपला पडदा देणारं अ‍ॅप घ्यायला लावणारेही याच गोत्रातले. अशा अ‍ॅपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० हा क्रमांक लावायचा असतो.

व्हिडिओ पाहण्याचीही एक हातोटी असते. कॉम्प्युटरवर यूट्यूब चालू असताना के दाबलं की चित्र थांबतं, जे दाबलं की दहा सेकंद मागे जातं, एल दाबलं की दहा सेकंद पुढे. थांबवलेल्या चित्रावर स्वल्पविरामाचं आणि पूर्णविरामाचं बटण दाबलं तर ते एकेक चौकट मागे-पुढे सरकतं. शिकवणाऱ्याने घाईत कुठे क्लिक केलं हे पकडायला याहून चांगला उपाय नाही. वेग कमीही करता येतो, आणि आपले बरेच शिक्षक ज्या वेगाने बोलतात तो पाहता करावाच. पडदा एकच असेल तर विंडोजचं बटण आणि डावा बाण दाबून व्हिडिओ अर्ध्या भागात बसवायचा, उरलेल्या अर्ध्यात आपलं काम. आणि सराव खऱ्या फाईलीवर करायचा नाही. तिची एक नक्कल 'सराव' नावाने ठेवली की मन मोकळं होतं, बिघडलं तर कंट्रोल आणि झेड आहेच. एकदा करून झालं की व्हिडिओ बंद करून, फाईल मिटवून, दुसऱ्या दिवशी सकाळी न पाहता तेच पुन्हा करायचं. पामिटर आणि एल्कर्टन यांच्या सात दिवसांवर एवढाच उतारा आहे. अडलं तर कागदाच्या चिठ्ठीवर तीन शब्द लिहून ती पडद्याच्या कडेला चिकटवायला लाज वाटण्याचं कारण नाही.

कल्याणच्या सचिवांकडे परत जायचं तर त्यांची मुदत मार्चअखेर संपते आहे. खजिनदार पुढचे सचिव होणार. यादीतली अदलाबदल त्यांना समजावून सांगण्यापेक्षा व्हिडिओच करून ठेवावा असं सचिवांनी ठरवलं. विंडोज ११ मधल्या स्निपिंग टूलमध्ये पडदा चित्रित करण्याचं बटण असतं, ते भाच्याने दाखवलं. सचिवांनी घसा साफ केला आणि पन्नास सेकंदांत सगळं करून दाखवलं. वरच्या मजल्यावर जाऊन खजिनदारांना तो लावून दिला.

खजिनदार विसाव्या सेकंदाला थांबले. "'इथे टाइप करा' म्हणजे कुठे हो?"

सचिवांनी परत व्हिडिओ पाहिला. त्यात 'इथे' सात वेळा होतं आणि 'असं केलं की झालं' तीन वेळा. ते खाली आले, वहीचं पान आडवं धरून मध्ये एक रेघ मारली, डावीकडे लिहिलं 'काय दिसतं', उजवीकडे 'काय बोलायचं', आणि पहिली ओळ लिहायला घेतली: सी रकान्यातली दुसरी चौकट.